मामींच्या रक्ताची शेवटची कुपी

मामी,

परवा तुमची तेरवी झाली. पंगतीतल्या बायका तुमच्या हातांबद्दल बोलत होत्या. "अर्धं गाव जल्मलं इच्या हातावर," असं कुणीतरी म्हणालं आणि वरणाचं भगुनं घेऊन मी जागच्या जागी थांबले. त्याच हातांबद्दल मी एकदा काय बोलले होते, ते त्या अख्ख्या पंगतीत मला एकटीलाच ठाऊक होतं. दुसऱ्या ठाऊक असणाऱ्या तुम्ही फोटोत बसला होता, डोक्यावर पदर घेऊन, फोटोवाल्यानं फार वेळ लावला म्हणून वैतागलेल्या. फोटोच्या चेहऱ्याकडं बघून माफी मागता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तुम्हांला वाचता येत नव्हतं, हे आठवून आत्ता थोडं हसूही आलं. मी काही लिहीत बसले की तुम्ही म्हणायच्या, "लिवून राह्यली का मोठी वकील!" घ्या, लिहून राहिले आहे.

आपल्या दोघींची सुरुवातच भांडणानं झाली. लग्न होऊन मी वणा नदीच्या काठच्या तुमच्या घरी आले. सासूला मामी म्हणायची रीत, म्हणून मामी म्हणाले. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मॅट्रिक झाली म्हने तू. मंग सांग, पोटातलं लेकरू काय खाते?" मी धडा म्हणावा तसं सांगितलं, की आईचं रक्त नाळेतून बाळाच्या अंगात जातं. तुम्ही पोट धरून हसलात.

"आईचं रक्त लेकरात गेलं असतं तं बाई सुकून गेली असती व. रक्त नाई जात. वार मधात बसली असते. जेवढं द्याचं तेवढंच देते, बाकीचं अडवते."

नव्या सुनेला शाळा न शिकलेल्या सासूनं हरवलं, तेही चार बायकांसमोर. पुढं वर्ध्याला शिकले तेव्हा कळलं की पुस्तक मीच चुकीचं वाचलं होतं, तुमचं बरोबर होतं. वारेला बारीक मुळ्यांसारखे धागे असतात, ते आईच्या रक्तात बुडालेले असतात, आणि बाळाचं रक्त त्या धाग्यांच्या आतून फिरतं. मधे पातळसा पडदा. त्यातून अन्न जातं, हवा जाते, पण एकीच्या रक्ताच्या पेशी दुसऱ्याच्या अंगात शिरू नयेत अशी वारेची राखण असते. तुम्हांला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेकडो वारा परातीत धुऊन, उलटून, बोटांनी चाचपून तुम्ही ते ओळखलं होतं. बाळंतपण झालं की सगळ्या बायका बाळाकडं बघायच्या आणि तुम्ही वारेकडं. एखादा तुकडा आत राहिला तर बाई जाईल, हे तुम्ही गावाला पटवलं होतं.

फक्त एका बाबतीत तुम्हांला धीर नव्हता. बाळ बाहेर आलं की वार वर छातीकडं चढते, ही भीती तुमच्या सासूनं तुमच्या मनात घातली होती. म्हणून वारेची वाट न बघता तुम्ही तळहातानं पोट दाबायच्या, कणीक मळावी तसं. आमची वंदना झाली तेव्हा माझंही दाबलं होतं. मी ओरडले, तर तुम्ही म्हणालात, "वरडून घे, वार पडली का दोघी मिळून च्या पिऊ." आणि खरंच चहा केलात, गुळाचा. वंदना ठणठणीत होती. आयुष्यात इतका गोड चहा मी प्यायले नाही.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, आणीबाणीच्या वर्षी. जन्मतःच पिवळसर होता, दुसऱ्या दिवशी हळद लावल्यासारखा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याचं नाव ठेवायचं राहिलं. गावातल्या बायकांनी लगेच कारण शोधलं. कुणी म्हणालं हिनं पपई खाल्ली, कुणी म्हणालं ही ओल्या केसांनी वडाखालून गेली. तेव्हा तुम्ही अंगणात उभं राहून जे तोंड सोडलंत, ते अजून कानात आहे. "माह्या सुनीले कोनी काई बोलाचं नाई. लेकरू गेलं तिचं, तुमच्या काऊन पोटात दुखून राह्यलं?" त्यानंतर माझ्यासमोर कुणी ब्र काढला नाही. मी भिंतीला टेकून बसून असायची. दोन महिन्यांनी तुम्हीच यांच्या मागं लागलात, की इले वर्ध्याले शिकाले पाठव. हे एसटीचे ड्रायव्हर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. मी म्हटलं, वंदनाचं काय? तर तुम्ही तिला कडेवर घेऊन म्हणालात, "मी काय मेली हाओ का?"

रक्त तपासायचं शिक्षण घ्यायला तुम्ही मला पाठवलंत आणि मी तिथून तुमच्यासाठी काय घेऊन आले, ते आता सांगते.

एक दिवस प्रॅक्टिकलमध्ये आम्हां मुलींना एकमेकींचा रक्तगट काढायला सांगितला. सगळ्यांच्या काचेवर रक्ताच्या गुठळ्या झाल्या, माझ्या काचेवर झाल्या नाहीत. मी निगेटिव्ह निघाले. शिकवणाऱ्या मॅडम सहज सांगत होत्या. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, आणि बाळाच्या थोड्या पेशी वार सुटताना आईच्या रक्तात शिरल्या, तर आईचं रक्त त्यांना परकं समजून राखणदार तयार करतं. पहिलं बाळ तोवर जन्मलेलं असतं, ते वाचतं. पण वार पेशी अडवत असली, तरी आईच्या रक्तातल्या या राखणदारांना ती मुद्दाम वाट देते, कारण एरवी तेच बाळाला रोगराईपासून जपतात. मग पुढच्या बाळाच्या रक्तावर ते तुटून पडतात आणि बाळ पिवळं पडतं. वार जोरानं ओढली, पोट दाबलं, तर जास्त पेशी शिरतात, असंही त्या म्हणाल्या. बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्या रविवारी मी घरी आले. तुम्ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता, वंदना तुमच्या पाठीशी खेळत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तुम्ही माझं पोट दाबलं. त्यानं वंदनाचं रक्त माझ्यात शिरलं आणि त्यानं दुसऱ्याला मारलं. माझं लेकरू तुमच्या हातानं गेलं."

तुम्ही शेंगा सोलायच्या थांबलात. बराच वेळ हातांकडं बघत राहिलात. मला वाटलं, आता रडाल किंवा भांडाल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "किती दाबलं तं शिरते?"

मी आत निघून गेले.

त्या दिवसानंतर तुम्ही कुणाचं पोट दाबलं नाही. पुढं मी स्वतः एका बाळंतपणाला तुमच्यासोबत होते, तेव्हा पाहिलं. बाळ झालं, नाळ कापली आणि तुम्ही जमिनीवर मांडी घालून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलात. बाईची आई घाबरली. "गिरजाबाई, दाबा ना व, वार वर चढन!" तुम्ही हललासुद्धा नाहीत. "माह्या सुनेनं नाई म्हटलं हाय," म्हणालात. तीस वर्षांची सवय होती, हात आपोआप उठायचे, म्हणून ते असे कोंडून ठेवायच्या. वार तिच्या वेळेनं पडली. माझ्या एका वाक्यावर तुम्ही आपली सगळी विद्या मोडून नव्यानं बांधलीत. कपाळाला आठी नाही, टोमणा नाही.

आणि मी काय केलं? वर्ष संपायच्या आत मी मॅडमना एकदा आडून विचारलं होतं, की पोट दाबलं नसतं तर? त्या म्हणाल्या, "अगं, न दाबताही शिरतात. अगदी सरळ बाळंतपणातसुद्धा. कधी कधी तर आधीच, पोटात असतानाच, थेंबभर पाझरतं. एखाद्या बाईच्या बाबतीत ते कशानं झालं, हे कुणीच सांगू शकणार नाही." मी हो म्हटलं, पुस्तक मिटलं. त्या शनिवारी घरी आले, तुमच्या हातची भाकर खाल्ली आणि काही बोलले नाही. पुढच्या शनिवारीही नाही. त्या लेकराचं मरण कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला राहवत नव्हतं, आणि तुमच्या माथी मारलेलं तुम्ही मुकाट्यानं वाहत होता. मला ते सोयीचं झालं होतं. हे मी पहिल्यांदाच कुठं लिहिते आहे.

तिसऱ्या वेळी मी वर्ध्याच्या दवाखान्यात, जिथं नोकरी लागली होती तिथंच, दाखल झाले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बाळ जन्मलं की त्याचं सगळं रक्त बदलावं लागेल, निगेटिव्ह रक्त तयार ठेवा. माझं चालणार नव्हतं, माझ्यात ते राखणदार भरलेले. म्हणून घरातल्यांची बोटं टोचली. हे पॉझिटिव्ह. दीर पॉझिटिव्ह, तो तर चुलत. आणि तुम्ही, मामी, तुम्ही निगेटिव्ह निघालात! यांनी वॉर्डात धावत येऊन सांगितलं. तुम्ही मागून आलात, बाही आधीच वर करून. "घ्या जी, किती लागते थे घ्या. म्हातारीचं असलं तरी लाल हाय."

मॅडम आता रक्तपेढी बघत होत्या. त्यांनी तुमचं रक्त थोडं घेतलं, तपासलं, पुन्हा तपासलं. मग माझ्या खाटेपाशी येऊन तुम्हांला बसवलं आणि विचारलं, "आजी, तुम्हांला मुलं किती?"

"झाली पाच. जगला एक, थो पह्यला. इचा नवरा."

"बाकीचे?"

"पिवळे झाले अन् गेले. चारी बी."

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं. चार गेले एवढं माहीत होतं. त्या काळात कुणाकडं जात नव्हते? पिवळे होऊन गेले, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पपई खाल्ली म्हणून तुमच्या सासूनं तुम्हांला काय काय ऐकवलं असेल, तेही तेव्हा लक्षात आलं. माझ्यासाठी अंगणात उभ्या राहिलात ते कुठून आलं होतं, तेही.

मॅडमनी आणखी विचारलं, "पहिल्या बाळंतपणाला पोट दाबलं होतं का कुणी?"

"कोन दाबन जी? कपाशी वेचाले गेलती, तिथंच झालं. एकटीच होती. वार आपोआप पडली."

हे बोलून तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मामी. तुम्ही शाळेत गेला नव्हता, पण हिशेब तुम्हांला लगेच लागला होता. तुमचं पोट कुणीच दाबलं नव्हतं, तरी शिरलं होतं. मी उशीकडं तोंड फिरवलं.

मॅडमनी तुम्हांला समजावून सांगितलं, की तुमचं रक्त या बाळाला देता येणार नाही. पहिल्या लेकराच्या पेशी तुमच्यात शिरल्या, पुढच्या चौघांनी त्यात भर घातली, आणि तेव्हा तयार झालेले राखणदार इतक्या वर्षांनीही तुमच्या रक्तात आहेत. तुम्ही कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं सुई टोचली होती, तिथं बोट ठेवलं.

"म्हंजे त्याईचं काईतरी हाय अजून माह्यात?"

"त्यांची ओळख आहे, असं म्हणा."

"मले तं वाटे, काईच नाई राह्यलं. फोटो नाई, आंगडं नाई, एकाचंबी नाव नाई." मग तुम्ही म्हणालात, "मी जिनात कामाले जाओ हिंगणघाटले. येवढी मोठी मशीन, सरकी येगळी, रुई येगळी. तरी गाठीत एखांदी सरकी राह्यतेच. वारेचं बी तसंच असन मंग."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, एवढं सोपं करून मला वर्गात कधी सांगता आलं नाही. तुम्ही लाजलात.

मंगेश दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. रक्तपेढीच्या वहीत पिपरी मेघेच्या एका मास्तरांचं नाव होतं, ते शाळा सोडून सायकलवर आले आणि रक्त देऊन, बिस्किट खाऊन परत शाळेत गेले. मंगेश जगला. आता तो तुमच्या काठीची बंदूक करून कोंबड्यांवर नेम धरतो, हे तुम्हांला सांगायला नको, तुमच्या काठीचे हाल तुम्ही पाहिलेच आहेत.

आपलं रक्त नातवाच्या कामी आलं नाही, याची खंत तुम्ही चार दिवस धरलीत. पाचव्या दिवशी मॅडमनी तुम्हांला बोलावलं. रक्तगट काढायला जे सीरम लागतं, त्यात नेमके हेच राखणदार असतात. बाजारचं सीरम दर वेळी वेळेवर यायचं नाही, काम अडायचं. मॅडम म्हणाल्या, आजी, वर्षातून दोनदा याल का? तुमचं रक्त थोडं घेऊ, गाळून, तपासून ठेवू.

तुम्ही यायला लागलात. हिंगणघाटची पहिली एसटी, कधी यांचीच गाडी असली की ड्रायव्हरच्या मागची सीट, सोबत ज्वारीची भाकर आणि माझ्यासाठी मिरचीचा ठेचा. आल्या की आधी विचारायच्या, "कुठं हाय माह्या लेकराईची पेटी?" ती पेटी म्हणजे तुमचं सीरम ठेवायचा फ्रीज. एकदा मी तुम्हांला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं, एका बाळंतिणीचं रक्त, खास रंग देऊन. आधी तुम्हांला तुमच्या पापण्याच दिसल्या. "झाडू दिसून राह्यला," म्हणालात. मग डोळा नीट लागला. फिकट, पुसल्यासारख्या पेशी आईच्या, आणि त्यांच्यात मधेच एक गडद गुलाबी. "हे लेकराचं?" हो म्हटलं. "इतकूसं?" असं म्हणून तुम्ही जागा सोडायला तयार नव्हता, मागं विद्यार्थ्यांची रांग लागली होती.

नंतर तुम्ही गावात कुणाला दिवस गेले की आधी माझ्याकडं पाठवायच्या. "शालूकडून गट काढून येजो, मंग माह्याकडं येजो." निगेटिव्ह निघालेल्या बायकांना बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत इंजेक्शन मिळावं म्हणून तुम्ही बैलगाडी जुंपायला लावलीत, एकदा सरपंचाची जीप अडवलीत. त्या इंजेक्शनानं आईच्या अंगात शिरलेल्या पेशी साफ होतात, राखणदार तयारच होत नाहीत. आपल्या दोघींना ते मिळालं नव्हतं. त्या बायकांची दुसरी-तिसरी मुलं आता गावात हुंदडतात. तेरवीला जेवून गेली, पोरं. आपण कुणाच्या तेरवीला जेवलो, हे त्यांना काय कळणार.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही खाटेवर होता आणि मी सुट्टी घेऊन आले होते. रोज ठरवायची, आज बोलायचं. एकदा तुमचा हात हातात घेतलासुद्धा. तुम्ही डोळे उघडलेत. "काय पाह्यतं व? नाडी पाह्यतं का? गोळी दे अन् जेवून घे." मी गोळी दिली आणि जेवले. तुम्हांला नको होतं का, मामी, मी ते बोलावं? की तुम्ही कधीच सोडून दिलं होतं, आणि मीच एकटी ते धरून बसले होते? आता विचारायला उशीर झाला.

काल कामावर गेले. आर्वीकडची एक पोरसवदा बाई आली, पहिलटकरीण, सोबत तिची सासू. आमचं बाजारचं सीरम आलं होतं, पण फ्रीजमध्ये मागच्या बाजूला तुमची एक कुपी उरली होती, माझ्याच अक्षरात 'गिरजाबाई' लिहिलेली. मी दोन्ही घेतली. कोमट काचेवर तिचं रक्त, त्यात एका बाजूला बाजारचा थेंब, दुसऱ्या बाजूला तुमचा. काच हलवत राहिले. दोन्हीकडं गुठळी झाली नाही. पोरगी निगेटिव्ह.

मी समजावून सांगितलं. काळजीचं कारण नाही, पण बाळंतपण दवाखान्यातच करा, इंजेक्शन चुकवू नका. तिच्या सासूचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, "म्हंजे खोट कोनाची म्हनाची, इची का आमची?"

"कुणाचीच नाही," मी म्हणाले. "वार कितीही राखण करो, एखादी पेशी निसटतेच. कुणाच्या हातानं होत नाही ते."

किती सहज बोलले मी हे. परक्या बाईशी, काउंटरवर उभं राहून, एका दमात. त्या दोघी गेल्या. मी कुपी बघितली, तळाशी काही उरलं नव्हतं. खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, तुम्ही बसायच्या तसे.

मामी, माझं लेकरू तुमच्या हातानं गेलं नाही. मला ठाऊक होतं.

तुमची,
शालू